होडीचा भोंगा काय सांगतो?

आज ज्या विषयावर मी बोलणार आहे तो ऐकून आपणांपैकी पुष्कळांस नवल वाटेल. सारा जन्म मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात घालविलेल्या, मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या एका शाळामास्तराने होडीच्या इंजिनावर बोलावे, आणि तेही समुद्रापासून सह्याद्रीच्या भिंतीने तोडलेल्या पिंपरी-चिंचवडात राहून, हे थोडेसे विपरीतच. कारखान्याचा भोंगा हा आमच्या गावचा विषय खरा. होडीचा भोंगा येथे कोठून आला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या नद्यांजवळ आहे.

मावळातून येणारी पवना चिंचवड-पिंपरीच्या मधून वाहत जाऊन दापोडीपाशी मुळेला मिळते. तिकडे इंद्रायणी देहू आणि आळंदी ही क्षेत्रे पावन करीत तुळापूरला भीमेच्या भेटीस जाते. तिच्या पलीकडे चाकणचे कारखाने. वर्षाचे आठ महिने या नद्यांकडे आम्ही शहरवासी ढुंकूनही पाहत नाही. पाहिलेच तर जलपर्णीचा हिरवा गालिचा आणि त्यात अडकलेला केरकचरा तेवढा दिसतो. परंतु आषाढ-श्रावणात मावळात पाऊस कोसळू लागला आणि धरणाचे दरवाजे उघडले की हीच नदी आमच्या दाराशी येते. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधिमंदिरात पाणी शिरते, सांगवीकडच्या सखल वस्त्यांतून माणसे हलवावी लागतात. 2019 च्या ऑगस्टात हे झाले, 2024 च्या जुलैत पुन्हा झाले. अशा वेळी ज्या गल्लीतून काल रिक्षा जात होती, त्या गल्लीत आज होडी चालते. 2006 साली उभारलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी तळेगाव आणि चाकण यांच्या दरम्यान सुदुंबरे येथे असते. तिच्या रबरी होड्या आणि त्यांच्या पाठीला लावलेली इंजिने आता आमच्याकडील मुलांच्याही ओळखीची झाली आहेत. तेव्हा हा विषय अगदीच परका नाही. शिवाय त्यावर बोलण्याचे मला एक खाजगी कारणही आहे. ते ओघात येईलच.

प्रथम हे यंत्र कसे असते ते पाहू. होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकविलेले, वर डोके, मध्ये लांब पाय आणि पायाच्या टोकाशी पाण्यात फिरणारा पंखा, असे याचे रूप. बाहेर लावायचे म्हणून ते ‘आउटबोर्ड’. नॉर्वेत जन्मून अमेरिकेत वाढलेल्या ओल एव्हिनरूड नावाच्या कारागिराने 1909 च्या सुमारास असले यंत्र बाजारात आणले आणि पुढे ते जगभर पसरले. आपल्या कोकणपट्टीवरील मच्छीमारांनाही ते चांगले परिचयाचे आहे.

कोणत्याही इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा फार तर चौथा किंवा तिसरा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो. उरलेली काही धुराबरोबर निघून जाते. बाकीची यंत्राच्या अंगातून काढून घ्यावी लागते, नाहीतर आतील तेल पातळ होऊन धातू धातूला चिकटतो. मोटारगाडीत हे काम रेडिएटर करतो. होडीच्या इंजिनाला रेडिएटर नसतो, कारण ते पाण्यातच पाय सोडून बसलेले असते. पायाच्या बाजूला बारीक जाळी असते, तिच्यातून नदीचे पाणी आत येते. जाळीच्या वर रबरी पाकळ्यांची एक लहानशी चकती फिरत असते. तिला इंपेलर म्हणतात. ती पाणी ओढून नळीवाटे डोक्याकडे चढविते. तेथे ते सिलिंडरांभोवती फिरते, उष्णता घेते, आणि बहुतेक सारे धुराच्या वाटेने पुन्हा नदीत पडते. मात्र त्यातील थोडेसे पाणी यंत्राच्या मागील बाजूस एका भोकातून बारीक धारेने बाहेर सोडलेले असते. ही धार मुद्दाम ठेवलेली आहे. होडी हाकणाऱ्याने मागे वळून पाहावे आणि आत पाणी फिरत आहे अशी खूण पटवून घ्यावी, एवढ्यासाठीच ती. वैद्य जशी नाडी पाहतो तशी ही धार पाहावयाची.

याच वाटेवर थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. यंत्र थंड असेतो ती मिटून राहते आणि तापले की उघडते. मोटारगाडीत ती साधारण 80 ते 90 अंशांवर उघडते. होडीच्या पुष्कळशा यंत्रांत 50 ते 60 अंशांच्या सुमारासच उघडते. समुद्राचे पाणी फार तापले तर त्यातील क्षार आतल्या वाटांवर बसू लागतात, म्हणून ही काळजी.

आता भोंग्याकडे वळू. यंत्राच्या डोक्यावर तापमान ओळखणारे एक लहानसे बटण बसविलेले असते. मर्यादा ओलांडली की ते भोंग्याला जागे करते. फोर-स्ट्रोक यंत्रात तेलाचा दाब पाहणारे दुसरे असते. तेलाची निराळी टाकी असलेल्या टू-स्ट्रोक यंत्रात टाकीतील तेल कमी झाल्याची वर्दी मिळते. किल्ली फिरविताच क्षणभर होणारा आवाज म्हणजे भोंगा स्वतःची हजेरी देत असतो. तो आलाच नाही तर चिंता करावी. चालू यंत्रात येणारा सलग आवाज किंवा थांबून थांबून येणारा आवाज यांचे अर्थ प्रत्येक कारखानदार निराळे ठरवितो, म्हणून यंत्राबरोबर आलेली पुस्तिका घरी फडताळात न ठेवता तिच्यातील ते एक पान होडीतच चिकटवून ठेवावे. कित्येक यंत्रे नुसती ओरडून थांबत नाहीत, तर आपण होऊन वेगही कमी करतात. पेट्रोल पोहोचत नाही अशा समजुतीने माणूस त्या वेळी थ्रॉटल आणखी पिळतो, आणि येथेच घात होतो.

हा घात मी डोळ्यांनी पाहिला आहे, नव्हे, त्यात माझा हातही होता. आमच्या भागातील तरुणांनी 2019 च्या पुरानंतर वर्गणी जमवून एक होडी आणि कोकणातून आणलेले 25 अश्वशक्तीचे जुने फोर-स्ट्रोक इंजिन घेतले. हिशेब नीट राहावा म्हणून खजिनदारी मजकडे दिली. पावसाळ्याच्या तोंडी सराव सुरू झाला. दोन-तीन रविवार असे गेले की दहा-पंधरा मिनिटे यंत्र चालले की भोंगा सुरू होई. मुले थांबत, वरचे झाकण काढून पाहत, काही दिसत नसे. थोड्या वेळाने यंत्र निवे आणि पुन्हा चाले. मागची धार बारीक झाली होती, परंतु धार आहे ना, एवढ्यावर सर्वांचे समाधान. शेवटी कोणीतरी म्हणाले, भोंगाच बिघडला असावा. मी काठावर खुर्ची टाकून बसलो होतो. त्या कर्कश आवाजाने माझे डोके उठले होते. मी म्हणालो, “अरे, मग त्याचे तोंड तरी बंद करा!” वीजकाम जाणणाऱ्या एका मुलाने भोंग्याची तार काढून टाकली. नदीकाठी पुन्हा शांतता झाली आणि मला बरे वाटले. पस्तीस वर्षे वर्गात ओरडणाऱ्या मुलाला गप्प बसविण्याची मला सवय. तो का ओरडतो हे पाहण्याची सवय तितकी पक्की झाली नव्हती, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले नाही.

पुढच्या रविवारी पाणी वाढले होते. पूर नव्हता, पण ओढ होती. होडीत चार तरुण आणि हट्टाने बसलेला माझा अकरा वर्षांचा नातू होता. प्रवाहाच्या मध्यावर यंत्राचा जोर कमी झाला. हाकणाऱ्याने थ्रॉटल पिळला. मला काठावरून जळक्या रंगाचा वास आला, आणि पाठोपाठ यंत्र एक हिसका देऊन जे थांबले ते पुन्हा हलले नाही. खाली काही अंतरावर बंधारा होता. होडीत वल्हे एकच होते. दुसरे ‘इंजिन असताना कशाला’ म्हणून कोणीतरी घरी ठेवले होते. ती होडी आडवी होऊन बंधाऱ्याकडे सरकत असताना माझी जी अवस्था झाली तिचे वर्णन मी करीत नाही. एका वाकलेल्या करंजाच्या फांदीला एका मुलाने मिठी मारली, काठावरून दोर फेकला गेला आणि पाचही जण सुखरूप बाहेर आले. 8 ऑगस्ट 2019 रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे कृष्णेच्या पुरात माणसांनी भरलेली होडी उलटून अनेकांचे प्राण गेले होते. तेथील प्रसंग निराळा. परंतु वाहत्या पाण्यात चुकीला किती थोडी जागा असते हे मला त्या दिवशी कळले.

माझा एक जुना विद्यार्थी चाकणच्या एका कारखान्यात इंजिने जुळविण्याच्या कामावर आहे. त्याने ते यंत्र खोलून माझ्यापुढे मांडले. जाळीत जलपर्णीची मुळे आणि प्लास्टिकचा एक तुकडा गच्च बसला होता. इंपेलरच्या दोन पाकळ्या तुटलेल्या होत्या आणि त्यांपैकी एकीचा तुकडा वरच्या वाटेत अडकला होता. थर्मोस्टॅटवर कोकणच्या खाऱ्या पाण्याचा थर बसून तो अर्धवटच उघडत होता. तो म्हणाला, “गुरुजी, रागावू नका; पण भोंगा तीन आठवडे खरे बोलत होता. तुम्ही चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीत.” मी मान खाली घातली. रबराच्या एका चकतीपायी सबंध यंत्र गेले होते, आणि त्याहून मोठे जे जाणार होते ते केवळ एका फांदीमुळे राहिले होते.

त्यानंतर मी वहीत त्याच्याकडून जे उतरवून घेतले, ते आता आपणांस क्रमाने सांगतो. भोंगा वाजताच पहिली गोष्ट ही की, थ्रॉटल सोडून यंत्र अगदी मंद करावे आणि मागची धार पाहावी. इशारा तेलाचा आहे अशी खात्री असेल तर मंदही चालवू नये, तत्काळ थांबवून तेल पाहावे. तेलावाचून यंत्र काही क्षणांतच निकामी होऊ शकते. इशारा उष्णतेचा असेल आणि धार नाहीशी झाली असेल, तर यंत्र बंद करून पाय वर उचलावा आणि जाळी पाहावी. पुराच्या पाण्यात दहांतील बहुतेक वेळा दोष येथेच सापडेल असे तो म्हणाला: जलपर्णी, पिशवी, कापडाची चिंधी. ती काढली की यंत्र थोडे निवू द्यावे, मग मंद गतीने चालवून धार परत जोरात येते का ते पाहावे. निवविण्यासाठी तापलेल्या यंत्रावर गार पाणी मात्र ओतू नये. तापलेल्या चुलीवरच्या मडक्याचे जे होते तेच त्या धातूचे होण्याचा संभव असतो.

येथे कोणी विचारील की, होडी ओढीत सापडली आहे, खाली बंधारा आहे, आणि अशा वेळी यंत्र बंद करावयाचे काय? प्रश्न रास्त आहे. यंत्रापेक्षा माणूस मोठा. म्हणून यंत्र थांबविण्यापूर्वी होडी कशास तरी बांधावी किंवा नांगर टाकावा. ते शक्य नसेल तर जेवढी कमी गती पुरेल तेवढ्याच गतीने जवळचा काठ गाठावा, मग त्यात यंत्र गेले तरी बेहत्तर. परंतु ही निवड करण्याची संधी तरी भोंगा ऐकणाऱ्यालाच मिळते. आम्ही तार काढून ती संधीच फेकून दिली होती.

जाळी स्वच्छ असून धार नसेल, तर धारेच्या भोकात मऊ बारीक तार किंवा गळाचा दोरा घालून पाहावा. पुष्कळ दिवस पडून राहिलेल्या यंत्राच्या या भोकात कुंभारीण माशी मातीचे घर करते, आणि आत पाणी नीट फिरत असूनही धार दिसत नाही. धार मोकळी असून बारीक असेल तर संशय इंपेलरवर घ्यावा. या रबरी पाकळ्यांना पाणी हेच वंगण. कोरड्यात मिनिटभर फिरविल्या तरी त्या जळून जाऊ शकतात. म्हणून ‘सुरू होते का पाहू’ असे म्हणत यंत्र जमिनीवर कोरडे कधीही चालवू नये. पाण्याच्या पिंपात त्याचा पाय बुडवावा, किंवा जाळीवर बसणाऱ्या रबरी वाट्यांना नळाचे पाणी जोडावे. इंपेलर बदलताना पाकळी तुटलेली आढळली तर नवी चकती बसवून मोकळे होऊ नये, तुटलेला तुकडा शोधून काढावा. तो वाटेत कोठेतरी दबा धरून बसलेला असतो.

धार जोरदार आहे आणि तरीही भोंगा वाजतो, असे झाले तर थर्मोस्टॅट पाहावा. याची परीक्षा आपल्या स्वयंपाकघरात होते, आणि मला ती फार आवडली. थर्मोस्टॅटच्या मिटलेल्या झडपेत एक दोरा अडकवून त्या दोऱ्यानेच तो पातेल्यातील पाण्यात टांगावा, शेजारी उष्णतामापक धरावा आणि पाणी हळूहळू तापवावे. झडप उघडताच दोरा सुटून थर्मोस्टॅट खाली पडतो. त्या क्षणीचा अंश वाचावा आणि पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. पाणी उकळू लागले तरी तो दोऱ्यालाच लोंबत राहिला, तर गुन्हेगार सापडला. होडी पाण्यावर नाक वर करून धावत असेल किंवा यंत्र फळीवर फार उंच बसविले असेल, तर जाळी पाण्याबाहेर येऊन पाण्याऐवजी हवा ओढली जाते. भारी माणसे पुढे सरकली म्हणजे मागचा भाग उचलला जाऊनही असे होते. तेव्हा माणसे नीट वाटून बसवावीत आणि यंत्राची उंची तपासावी. एवढे करून दोष राहिला तर आतील वाटा क्षाराने किंवा गाळाने बुजल्या असतील, किंवा डोक्याखालचे गॅस्केट गेले असेल. ते काम जाणत्या कारागिराचे.

आणि अगदी शेवटी, श्रोतेहो, सर्वांच्या शेवटी, भोंग्यावर संशय घ्यावा. तापमान ओळखणारे बटण बिघडू शकते, त्याची तार घासून धातूला टेकू शकते. नाही असे नाही. परंतु निराळ्या तापमापकाने यंत्राचे डोके तापलेले नाही अशी खात्री झाल्यावरच तसे म्हणावे. आम्ही नेमका शेवटच्या पायरीपासून आरंभ केला, कारण ती पायरी सर्वांत सोपी आणि कानांना सर्वांत सुखाची होती.

राहिला प्रश्न निगेचा. गढूळ किंवा खाऱ्या पाण्यातून आल्यावर स्वच्छ पाण्याने आतील वाटा धुवाव्यात. इंपेलर पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, आणि पुराच्या कामाची होडी असेल तर दर पावसाळ्यापूर्वी, बाहेर काढून पाहावा. एक नवा इंपेलर, दोन वल्ही, नांगर आणि लांब दोर ही होडीत असावीतच. हाकणाऱ्याच्या अंगाला बांधावयाची, तो पडला असता यंत्र बंद करणारी दोरी रोज बांधावी. आणि आरंभी किल्ली फिरविली असता भोंगा बोलला की नाही, याची नोंद रोजच्या वहीत करावी. आमच्या मंडळाच्या वहीत आता पहिला रकाना तोच आहे. हिशेबाचा त्यानंतर.

आपणांपैकी बहुतेकांना होडी हाकण्याचा प्रसंग कधी यावयाचा नाही, हे मी जाणतो. परंतु प्रत्येक घरात ओरडणारे काही ना काही असते. कोठे गाडीच्या फळीवर लाल दिवा लागतो, कोठे वीज पुनःपुन्हा तुटते आणि आपण जाड तार घालून मोकळे होतो. आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात तर यंत्रावरचा इशारा बंद करून काम पुढे रेटण्याचा मोह पाळीगणिक होत असेल. ज्याच्या हाती तसे करणे आहे त्याने त्या वेळी एवढेच आठवावे की, त्या यंत्रापुढे कोणाचा तरी नातू उभा असतो.

आमचे नवे इंजिन गेल्या वर्षी आले. त्याचाही भोंगा अधूनमधून वाजतो. तो वाजला की काठावरच्या खुर्चीवरून मी उठतो, आणि धार दिसते का, असे मुलांना विचारतो. नातू आता माझ्या आधीच मागे वळून पाहतो.